इंग्रजीतील वर्तमानकालवाचक धातुसाधित आणि कारणार्थ : वाक्यपरिवर्तनाच्या स्वाध्यायाची चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनात वाक्यपरिवर्तनाचा स्वाध्याय रूढ आहे. ‘बिकॉज ही फेल्ट टायर्ड, ही वेंट टू बेड’ या वाक्याचे ‘फीलिंग टायर्ड, ही वेंट टू बेड’ असे रूपांतर करून घेतले जाते व दोन्ही वाक्ये समानार्थी मानली जातात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् इंग्रजी व्याकरणात अशा रचनांचा मुख्य वाक्याशी असणारा अर्थसंबंध अनिश्चित मानला आहे; तो संदर्भावरून ठरतो. ‘नोइंग’, ‘बीइंग’, ‘फीलिंग’ अशा स्थितिदर्शक क्रियापदांत कारणार्थ सहज प्रतीत होतो. ‘ओपनिंग द डोअर, ही कॉल्ड हर’ येथे मात्र केवळ क्रियांचा क्रम सूचित होतो. म्हणजेच कारण हा ‘-इंग’ प्रत्ययाचा अर्थ नसून वाचकाने काढलेला निष्कर्ष आहे. ‘व्हाय’ या प्रश्नाला ‘बिकॉज ही फेल्ट टायर्ड’ हे उत्तर चालते, नुसते ‘फीलिंग टायर्ड’ चालत नाही. ‘बिकॉज’ कारण सांगते. धातुसाधित ते सुचविते.

मराठीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘दमल्यामुळे तो झोपला’ यात कारण व्यक्त आहे, तर ‘पावसात भिजून तो आजारी पडला’ यात ते सूचित आहे. तथापि ‘-ऊन’ आणि ‘-इंग’ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ हे मराठी वाक्य शुद्ध आहे, कारण येथे दोन क्रियांचे कर्ते भिन्न असू शकतात. इंग्रजीत ‘रेनिंग, द रोड्स बिकेम वेट’ अशी रचना चालत नाही. धातुसाधिताचा कर्ता वेगळा असल्यास तो ‘द वेदर बीइंग फाइन, वी वेंट आउट’ याप्रमाणे स्वतंत्रपणे द्यावा लागतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची या ठिकाणी होणारी चूक निष्काळजीपणाची नसते. ती मातृभाषेच्या नियमातून आलेली असते. केवळ गुण कापल्याने ती सुधारणार नाही.

निष्कर्ष :
‘बिकॉज’ गाळून ‘-इंग’ लावणे ही यांत्रिक क्रिया आहे. कर्ता समान आहे काय आणि कारण ठामपणे सांगावयाचे आहे की सुचवावयाचे, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यास प्रथम विचारावयास शिकविले पाहिजे. तसे झाल्यासच वाक्यपरिवर्तन हे अर्थाचे शिक्षण ठरेल.