क्यू-व्हॅल्यू शिकवा, पण आकड्यावर थांबू नका

कासलबारजवळच्या एखाद्या ओढ्यात उतरा, पायाने तळ ढवळा आणि जाळीत काय आलं ते बघा. आयर्लंडची पर्यावरण संस्था ईपीए अशाच जीवांवरून नदीला क्यू-१ ते क्यू-५ असा दर्जा देते. स्टोनफ्लायच्या अळ्यांना प्रदूषण अजिबात सोसत नाही. त्या गायब झाल्या की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

हायस्कूलसाठी पद्धत झकास आहे, स्वस्तही. माझी तक्रार वेगळी आहे. आकडा मिळाला की धडा संपतो. पण बऱ्याच जातींच्या अळ्या वसंतातच पंख फुटून उडून जातात. मग जाळीत स्टोनफ्लाय नाही म्हणजे प्रदूषण, की नुसता ऋतू बदललाय? तज्ज्ञ हे ध्यानात घेतात. वर्गातल्या तक्त्यावर ते दिसत नाही, आणि खरं विज्ञान तर तिथेच सुरू होतं.

जवळच न्यूपोर्टच्या बुरीशूलला समुद्राकडे जाणारे-येणारे सॅमन १९७० पासून मोजले जातात. संशोधन म्हणजे हे पुन्हा पुन्हा मोजणं. एका सहलीत ते कळणार नाही. दरवर्षी नवी तुकडी त्याच ओढ्यावर, त्याच महिन्यात गेली आणि आधीच्या मुलांच्या वह्या वाचल्या, तर कळेल. तुमच्या शिक्षकांना एवढंच विचारा: गेल्या वर्षीची वही कुठंय?