तुकोबांचा हिशेब

तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण पैशाच्या तिरस्काराची म्हणून वाचतो. मला ते वाचन अपुरे वाटते. महिपतीच्या ‘भक्तलीलामृता’त (१७७४) धाकटा भाऊ कान्होबा प्रपंचाचे कारण सांगून आपला वाटा मागतो. तुकोबा त्याला निम्मी खते देतात आणि केवळ स्वतःची बुडवितात. म्हणजे वाटणी आधी, विरक्ती नंतर! वाण्याच्या घरचा हा संत हिशेबाला भ्याला नाही. पैसा सचोटीने मिळवावा, पण खर्चताना मन त्यात गुंतू देऊ नये, हेच त्यांच्या अभंगातही आहे. आपण मात्र लक्ष्मीपूजनाला वही पुजतो आणि वर्षभर ती उघडायला कचरतो. आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हे ज्याला ठाऊक, त्यालाच रात्री स्वस्थ झोप लागते.