दृष्टिआड केलेले छायाचित्र

एका लहान मुलाने आपल्या दिवंगत आईचे छायाचित्र दृष्टिआड केले आहे. आज वडिलांचे दुसरे लग्न. घरात येणाऱ्या नव्या आईला ते रुचणार नाही, अशी त्याची समजूत. वडील त्याला समजावतात की, आईला त्याने विसरावे असे कोणालाच वाटत नाही, नव्या आईलाही नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द ब्रॅडी बंच’ या विनोदी मालिकेच्या पहिल्याच भागातील हा प्रसंग. १९७४ पर्यंत या मालिकेचे ११७ भाग झाले. पण ते छायाचित्र आणि त्यातील ती स्त्री पुढे जणू कोणाच्या स्मरणातच उरली नाही.

तीन मुलगे असलेला विधुर माइक आणि तीन मुलींची आई कॅरल यांचे हे घर. सावत्रपणाचा विषय विनोदी मालिकेच्या मध्यभागी आणावा, हे त्या काळी धाडसाचेच होते. आपल्या भाषेत तर ‘सावत्र’ हा शब्दच ‘सवती’शी नाते सांगतो, त्यात वैर आधी येते, माणूस मागाहून. या मालिकेतील आई ‘सावत्र’ हा शब्दच घरातून बाद करू पाहते. तिचा हेतू मंगल आहे, यात शंका नाही. तथापि शब्द बाद केल्याने त्यामागची वेदनाही बाद होते काय, हा प्रश्न आम्हांस सतत छळत राहतो. कॅरलच्या पहिल्या पतीचे काय झाले, हे मालिका कधीच सांगत नाही. निर्माते शेरवूड श्वार्ट्झ यांना ती घटस्फोटिता दाखवायची होती. वाहिनीने हरकत घेतली आणि मौनावर तडजोड झाली. तिच्या मुली मात्र ‘मार्टिन’च्या ‘ब्रॅडी’ झाल्या. आडनाव बदलताना त्या तिघींना काय वाटले असेल? विचारणारे कोणी नाही. ध्वनिमुद्रित हशा तेवढा वेळेवर ऐकू येतो.

अशा मालिकांत आईची उणीव बहुधा पगारी माणूस भरून काढतो. ‘फॅमिली अफेअर’मध्ये (१९६६–७१) तिघा पोरक्या भावंडांना नातेवाईक वाटून घेतात आणि अखेरीस ती न्यूयॉर्कमधील अविवाहित काकांच्या दारी येतात, त्यांचे न्हाणेधुणे, जेवणखाण पाहतात ते काकांचे इंग्रज सेवक मिस्टर फ्रेंच. ब्रॅडींच्या घरी ते काम ॲलिस करते. नऊ चौकटींच्या सुप्रसिद्ध शीर्षकचित्रात मधली चौकट तिची आहे. हा मान आम्हांस आवडतो. पण चौकट मधली असली तरी तिची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे.

या साऱ्यांत आमच्या मनात घर करून राहिला तो ‘डिफरंट स्ट्रोक्स’मधील (१९७८–८६) विलिस. हार्लेममधील दोन कृष्णवर्णीय भावंडांची आई ज्या श्रीमंत गौरवर्णीय विधुराच्या घरी काम करीत असे, तो ड्रमंड तिला दिलेल्या वचनाला जागून त्यांना आपल्या आलिशान निवासात आणतो. धाकटा आर्नल्ड रमतो. थोरला विलिस म्हणतो, आपण हार्लेमला परत जाऊ. तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलाचा हा कृतघ्नपणा नव्हे. उपकार स्वीकारताना आपली गल्ली, आपली माणसे, आपली आई यांना पारखे व्हावे लागेल, हे त्याला धाकट्यापेक्षा अधिक कळते. दुर्दैव असे की, मालिकेला आर्नल्डच्या चटपटीत वाक्यांची गोडी लागली आणि विलिसचा प्रश्न मागे पडत गेला. याच मालिकेने १९८३ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाचा विषय दोन भागांत हाताळण्याचे धैर्य दाखविले, हे नमूद केलेच पाहिजे. बाहेरच्या दुष्टाविषयी ती बोलू शकली. घरातल्या सज्जनाच्या दातृत्वात दडलेल्या विषमतेविषयी बोलणे तिला अवघड गेले.

आमच्या धर्मग्रामातही विधुरांचे पुनर्विवाह होतात, भाच्या-पुतण्यांना पोटच्या पोरांसारखे वाढविणारी घरे आहेत. तेथेही पाहुणे पुष्कळदा म्हणतात, ‘पोरं आता विसरली हो!’ आणि ते ऐकून घरधनी समाधानाने मान हलवितो. पोरे तेव्हा आतल्या खोलीत असतात.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘वन डे ॲट अ टाइम’ने झाकलेले उघडे केले. दोन मुलींसह वेगळी राहणारी ॲन रोमानो घटस्फोटिता आहे आणि मालिका तसे स्वच्छ सांगते. घटस्फोटाविषयी आमचे मत वाचकांस ठाऊक आहे; ते बदललेले नाही. परंतु या घरात ॲनने माहेरचे आडनाव पुन्हा लावले आहे आणि मुली वडिलांचेच ‘कूपर’ हे आडनाव लावतात. वडीलही अधूनमधून मालिकेत येतात. मुली त्यांच्यावर रागावतात, त्यांच्याकडे ओढल्याही जातात, आणि आई ते ऐकून घेते. येथे छायाचित्र कोणाला लपवावे लागत नाही.