वाद, हुज्जत आणि हेत्वारोप

कोणत्याहि समाजाची विचार करण्याची रीत त्याच्या ग्रंथांवरून जितकी समजते, तितकीच ती त्याच्या रोजच्या बोलण्यांतील शब्दांवरूनहि समजते. इंग्रजींत 'आर्ग्युमेंट' हा एकच शब्द वकिलाच्या न्यायासनापुढील भाषणाला, तत्त्ववेत्त्याच्या प्रमाणबद्ध प्रतिपादनाला आणि दोन शेजाऱ्यांच्या कडाक्याच्या भांडणालाहि लावतात. त्या भाषेंत हा घोटाळा आहे असें म्हणून आम्हांस हंसतां येत नाहीं; कारण मराठीची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. 'वाद मांडणें' आणि 'वाद घालणें' या दोन प्रयोगांत क्रियापद तेवढें बदललें आहे. परंतु पहिल्यांत विचार असतो, दुसऱ्यांत बहुधा आवाज असतो. हा भेद कोशापुरताच राहिला असता तर तो आम्ही वैयाकरणांवर सोपविला असता. पण तो आमच्या टीकालेखनांत आणि घरांतहि शिरला आहे, म्हणून त्याची चर्चा अवश्य वाटते.

प्रथम शब्दांचेंच पाहूं. 'हुज्जत' हा शब्द मूळ अरबी. तेथें त्याचा अर्थ प्रमाण, पुरावा असा आहे. फारसीच्या वाटेनें मराठींत येऊन स्थिरावल्यावर मात्र पुराव्याशीं त्याचा कांहींच संबंध उरला नाहीं. भाजीवालीशीं दोन पैशांसाठीं घातली जाते ती हुज्जत. 'तक्रार' म्हणजे मूळांत पुनरुक्ति. तेंच तेंच पुन्हां म्हणणें. संस्कृत शब्दांची गतिहि अशीच. न्यायशास्त्रांत 'छल' म्हणजे प्रतिपक्ष्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेऊन त्याला खोटें पाडणें. एखाद्यानें मुलाच्या अंगावर नव कांबळें आहे, म्हणजे नवें आहे, असें म्हणावें. आणि दुसऱ्यानें 'नव कोठें आहेत, एकच तर दिसतें' असें म्हणावें, हें त्याचें जुनें उदाहरण. मराठींत मात्र छळ म्हटला कीं सुनेचा किंवा कैद्याचा आठवतो. 'प्रतिज्ञा' म्हणजे जें सिद्ध करावयाचें तें विधान. शपथ हा तिचा दुसरा अर्थ संस्कृतांतहि होता. पण बोलण्यांत आमच्याजवळ तोच एक उरला. जें सिद्ध करावयाचें त्याची आम्ही शपथ घेऊं लागलों!

सर्वांत बोलका शब्द 'हेतु' हा होय. अनुमानांत हेतु म्हणजे कारण; ज्याच्या बळावर प्रतिज्ञा उभी राहते तो आधार. व्यवहारांत हेतु म्हणजे मनांतला उद्देश. यांतूनच 'हेत्वारोप' हा शब्द निघाला. समोरच्यानें दिलेलें कारण तपासण्याऐवजीं त्याच्या मनांत काय असेल याचा तर्क करणें, हें या शब्दाचें सार आहे. आमच्या वाङ्मयीन वादांपैकीं कित्येकांची कथा या एका शब्दांत आटोपते: लेखक हेतु देतो, टीकाकार हेत्वारोप करतो.

आमच्या शास्त्रकारांना हा भेद अपरिचित नव्हता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठीं प्रमाणें व तर्क यांच्या आधारें चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं छलादि साधनेंहि वापरतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करते ती वितंडा. वाद कोणाशीं करावा, तर गुरु, शिष्य, सहाध्यायी अशांशीं. म्हणजे ज्यांच्याशीं आपलें वैर नाहीं त्यांच्याशीं. उरलेल्या दोघांनाहि सूत्रकारांनीं एक जागा दिली आहे. कोवळ्या अंकुरांभोंवतीं कांट्यांचें कुंपण घालावें, तसा त्यांचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणापुरता. कुंपण हें पीक नव्हे, हें ज्याच्या घरीं शेती आहे त्यास सांगावयास नको.

खानदेशाचें नांव या संदर्भांत घेतल्यास वाचकांस कदाचित् आश्चर्य वाटेल. कापूस, केळीं आणि कडक ऊन यांपलीकडे या प्रांताची आठवण फारशी होत नाहीं. परंतु चाळीसगांवाजवळ पाटण येथें भवानीच्या देवळांत इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्यास दिलेल्या दानाचा तो लेख. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास त्यांत तार्किकांचा चक्रवर्ती म्हटलें आहे. जैत्रपाल राजानें त्यास या गांवाहून नेऊन पंडितांचा अग्रणी केलें, असाहि त्यांत उल्लेख आहे. लेखाचा शेवटचा, मठास द्यावयाच्या करांचा भाग मराठींत आहे. स्तुति संस्कृतांत आणि व्यवहार मराठींत, ही वांटणी तेव्हांचीच!

स्वतः भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत उपपत्तीविषयीं जें म्हटलें आहे, तें आम्हांस या सर्व विषयाचें मर्म वाटतें. त्यांचें म्हणणें असें कीं, उपपत्तीवांचून गणकाला प्रौढांच्या सभेंत प्रतिष्ठा मिळत नाहीं, आणि तो स्वतःहि निःसंशय होत नाहीं. यांतील दुसरें अंग आम्ही नेहमीं विसरतों. युक्तिवाद हा केवळ दुसऱ्यास गप्प करण्यासाठीं नसतो. तो आपल्या स्वतःच्या मनांतील शंकेसाठीं असतो. सभा जिंकली आणि शंका तशीच राहिली, तर तो जल्प झाला. वाद झालाच नाहीं.

पाटणहून धुळ्यास यावें तर सातशें वर्षांनंतर तेथें इतिहासाचार्य वि. का. राजवाडे भेटतात. १९२६ च्या अखेरीस त्यांचें देहावसान धुळ्यासच झालें, आणि पुढील वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. अस्सल कागद पुढें ठेवल्यावांचून इतिहासांत विधान करूं नये, हा दंडक मराठींत त्यांच्याइतक्या निष्ठेनें दुसऱ्या कोणीं क्वचितच पाळला असेल. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या खंडांनीं हुज्जतीला तिचा मूळ अर्थ परत दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण त्याच लेखणीनें कांटेहि भरपूर पेरले. संतांच्या शिकवणीनें महाराष्ट्र निष्क्रिय झाला, असें त्यांनीं कठोर शब्दांत लिहिलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं तर संतांच्या चळवळींत मराठी राज्याच्या उदयाचें एक कारण पाहिलें होतें. हा खरा वादाचा विषय. संतांची वचनें, त्यांचे श्रोते, तत्कालीन घडामोडी यांच्या आधारें तो तपासतां येतो. झालें तें असें कीं, राजवाड्यांच्या चाहत्यांनीं त्यांचे कठोर शब्द उचलले, विरोधकांनीं त्यांच्या मनांतले हेतु शोधले, आणि मूळ प्रश्न बहुधा मध्येंच राहिला. आमच्या मतें राजवाड्यांचें तें विधान टिकत नाहीं; पण तें टिकत नाहीं तें त्याचा हेतु, म्हणजे कारण, अपुरें आहे म्हणून, लिहिणाराचा स्वभाव तापट होता म्हणून नव्हे. आणि ज्यांनीं त्यांचें कुंपण घेतलें व कागद वाचण्याचें कष्ट घेतले नाहींत, त्यांच्या शेतांत कांट्यांखेरीज कांहीं उगवलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, हा सारा पंडितांचा व्यापार. सामान्य माणसास त्याचें काय? त्यास उत्तर जळगांवांतच आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता त्यांच्या मागें, १९५२ मध्यें, ग्रंथरूपानें आली. तिच्यांत संसार कसा आहे हें सांगावयाचें तर त्या तापलेल्या तव्याचा आणि भाकरीचा दृष्टांत देतात. अनावर मनाबद्दल बोलावयाचें तर पिकांत शिरणारें ढोर दाखवितात. उदाहरण हा पंचावयवी अनुमानाचा तिसरा अवयव. तो या माउलीनें चुलीपुढें आणि शेतांत शोधला. त्यांत शास्त्रीय परिभाषा नाहीं, पण आग्रहहि नाहीं. 'मी म्हणतें म्हणून' असें नसून 'तूंच पाहा' असें आहे. औपचारिक युक्तिवाद आणि घरगुती बोलणें यांत जें साम्य असावयास पाहिजे तें हेंच: ऐकणारास स्वतः पाहण्याची मोकळीक.

आमच्या सुशिक्षित घरांत ही मोकळीक किती असते? मुलगी 'कां?' म्हणून विचारते आणि तिला उत्तर मिळतें, 'वाद घालूं नकोस'. तिनें मागितला होता हेतु. आम्ही तिच्यावर उद्धटपणाचा हेतु लादला. हीच मुलगी पुढें लिहूं लागते, तेव्हां मतभेद म्हणजे अपमान आणि प्रश्न म्हणजे हल्ला, ही समजूत बरोबर घेऊन येते. आणि मग मासिकांतील टीका वाचून आम्ही तक्रार करतों कीं, आमच्याकडे निकोप चर्चा होत नाहीं. ती होणार कशी? तिची पहिली शाळा घर होय, आणि तेथें आम्हीं वादाला हुज्जतीच्याच रांगेंत बसविलें.

शब्दांचे अर्थ आज्ञेनें बदलत नाहींत. 'हुज्जत' पुन्हां पुरावा होईल अशी आशा कोणी करूं नये. परंतु 'हेतु' या शब्दाचे दोन्ही अर्थ अद्याप जिवंत आहेत, आणि त्यांपैकीं कोणता उचलावयाचा हें अजून आमच्या हातीं आहे. टीका लिहितांना वा मुलास उत्तर देतांना प्रथम कारण पाहावें. मनाचा ठाव घेण्याची घाई करूं नये. प्रौढांची सभा त्यानें जिंकतां येईलच असें नाहीं. आपण स्वतः निःसंशय होण्याचा मार्ग मात्र तोच आहे.