तक्रारी मोजणारी आज्ञावली

ऑक ही संगणकभाषा १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिचे कर्ते आहो, वाइनबर्गर व कर्निहन यांचे ‘द ऑक प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक १९८८ साली आले. दुसरी आवृत्ती २०२३ ची. सुरुवात होते ती सहा कर्मचाऱ्यांचे वेतनदर आणि कामाचे तास यांच्या यादीने. नमुना सांगायचा, तो ज्या ओळीत सापडेल तिथे कृती होते. एवढ्या एका कल्पनेवर अहवाल उभे राहतात. मांडणी अतिशय स्वच्छ आहे.

हीच युक्ती ग्राहकांच्या तक्रारींना लावून पाहू. ‘बंद’ हा शब्द असलेल्या ओळी मोजल्या, की रोज सकाळी अहवाल तयार! पण ‘पंखा बंद पडला’ आणि ‘पंखा बंद होत नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच खात्यात जमा होतात. ‘फिरत नाही’ लिहिणारा तर सुटूनच जातो. रिकामा रकाना किंवा अवास्तव दर कसा पकडावा, हे पुस्तक शिकवते. अर्थाची गल्लत मात्र त्यातल्या नीटनेटक्या यादीत कधी समोरच येत नाही.

ही उणीव शिक्षकांनी भरून काढावी. मुलांना आधी वीस तक्रारी वाचून हाताने वर्गवार लावू द्याव्यात आणि मग आज्ञावलीचा आकडा ताडून पाहावा. जिथे फरक पडेल, तिथूनच धडा सुरू होतो.