ग्रामनामांची साक्ष

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं इ. स. १९२४ मध्यें ‘महिकावतीची बखर’ संपादून उत्तर कोंकणच्या इतिहासावर मोठे उपकार केले, हें प्रथमच नमूद करणें आमचें कर्तव्य आहे. गांवांचीं नांवें हीं निव्वळ हांका मारण्याचीं नसून इतिहासाचीं साधनें आहेत, ही दृष्टि महाराष्ट्रास देण्याचें श्रेय प्रामुख्यानें त्यांचेंच. परंतु साक्षीदार चांगला मिळाला म्हणून उलटतपासणी टाळतां येत नाहीं. आमचा मतभेद येथेंच सुरू होतो.

राजवाड्यांचा ओढा ग्रामनामाचें मूळ संस्कृतांत शोधण्याकडे आहे. चिंचणी, वडवली यांसारख्या नांवांत झाड उघडच दिसतें. तेथें वादाला जागा नाहीं. पण सर्वच नांवें इतकीं सरळ नसतात. उत्तर समुद्रांतील ऑर्कने बेटांचें उदाहरण पाहावें. मध्ययुगीन नॉर्स गाथांत तीं ‘ऑर्कनेयार’ म्हणून येतात, आणि त्या भाषेंत ‘ऑर्कन’ म्हणजे सील हा जलचर व ‘एय’ म्हणजे बेट. व्युत्पत्ति किती चोख! मात्र नॉर्स लोक तेथें पोंचण्यापूर्वीं कित्येक शतकें ग्रीक व रोमन लेखकांनीं त्या बेटांस ‘ऑर्केडीस’ म्हटलेलें आहे. म्हणजे नवागतांनीं जुनें नांव आपल्या कानांनीं ऐकलें व त्यांत आपला अर्थ भरला.

आजच्या पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत हाच धोका आहे. पिंपळशेत, हिरडपाडा, सूर्यमाळ यांतील शेत, पाडा, माळ हीं उत्तरपदें जमिनीचें रूप व वस्तीची रीत स्पष्ट सांगतात. पूर्वपदाविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. ‘सूर्य’ हा शब्द दिसतांच सूर्योपासनेचा इतिहास रचण्याचा मोह सुशिक्षितास सहज होईल. परंतु नांव उच्चारणारा वारली, कातकरी वा कोळी असतो आणि तें कागदावर उतरविणारा कारकून शिष्ट भाषेचा, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे तो मोह आवरतो.

म्हणून जुन्यांत जुना लेख, स्थानिकांचा उच्चार आणि प्रत्यक्ष भूमि या तिहींची एकवाक्यता झाल्यावांचून कोणतीही व्युत्पत्ति सिद्ध मानूं नये, असें आमचें मत आहे. बखरीचा आधार मुख्यतः किनाऱ्याच्या मुलखास. डोंगरांत तिचें माप चालणार नाहीं. नांवाचा अर्थ चुकला तर केवळ एक शब्द चुकत नाहीं. ज्यांनीं तें रान प्रथम राबतें केलें, पण बखरी लिहिल्या नाहींत, त्यांचा उरलासुरला दस्तऐवजच आपल्या हातून खोडला जातो.