सरकारी वकिलाचा अभिप्राय : दोन निवाडे व परभणीचें एक प्रकरण

'महाराष्ट्र राज्य विरुद्ध दिगंबर' हा सर्वोच्च न्यायालयाचा मे १९९५ चा निवाडा वकीलवर्गास सुपरिचित आहे. विलंबानें आलेल्या अर्जदारास दाद द्यावी कीं न द्यावी, या वादांत त्याचा आधार नेहमीं घेतला जातो. प्रस्तुत लेखांत त्याचें परीक्षण निराळ्या दृष्टीनें करावयाचें योजिलें आहे. कागद कोणीं लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि त्यांत काय लिहावयाचें राहिलें, हे तीन प्रश्न आपण बखरीस विचारतों. ते निवाड्यासही विचारण्यास हरकत नसावी.

प्रकरण थोडक्यांत असें. एका शेतकऱ्याची जमीन सन १९७१-७२ च्या दुष्काळी कामांत सरकारनें वापरली, पण मोबदला दिला नाहीं, अशी त्याची तक्रार होती. तो सन १९९१ मध्यें, म्हणजे सुमारें वीस वर्षांनीं, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेला. खंडपीठानें त्यास दाद दिली. सर्वोच्च न्यायालयानें विलंबाच्या कारणावरून ती रद्द केली. या निवाड्यांत आणखी एक मुद्दा आहे, आणि आमच्या मतें संशोधकास तोच महत्त्वाचा. तशाच इतर कांहीं प्रकरणांत सरकारनें अपील केलें नव्हतें. मग याच प्रकरणांत तें कां चालावें, असा प्रश्न होता. त्यावर न्यायालयानें म्हटलें कीं, एखाद्या प्रकरणांत सरकारकडून अपील न होण्याचें कारण चुकीचा सल्ला, हयगय किंवा संबंधित अधिकाऱ्यांचें अनुचित वर्तन हेंही असूं शकतें. तेवढ्यानें दुसऱ्या प्रकरणांतील अपिलास बाध येत नाहीं.

सार्वजनिक द्रव्याचें रक्षण एका अधिकाऱ्याच्या चुकीमुळें कायमचें थांबूं नये, हें तत्त्व योग्यच आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु हाच मजकूर कागद म्हणून वाचला असतां त्यांतील उणीव दिसते. चुकीचा सल्ला दिला गेला असेल, तर तो कोणीं दिला? कोणत्या कागदावरून दिला? सल्ला योग्य असून तो बाजूस सारला गेला, असें तर झालें नाहीं ना? हे प्रश्न न्यायालयापुढें नव्हते, म्हणून त्यांचीं उत्तरें निवाड्यांत नाहींत, हें खरें. पण परिणाम असा झाला कीं, शेतकऱ्याच्या वीस वर्षांच्या विलंबाचा हिशेब त्याजकडून घेतला गेला, आणि सरकारी हयगयीचा हिशेब कोणाकडूनही घेतला गेला नाहीं.

याचें कारण न्यायाधीशांत शोधूं नये. निवाड्यांत सरकारी वकिलाचा युक्तिवाद उतरतो, अभिप्राय उतरत नाहीं. युक्तिवाद तो न्यायालयापुढें उभा राहून करतो. अभिप्राय तो त्यापूर्वीं सरकारास लिहून देतो. दावा लढवावा कीं तडजोड करावी, अपील करावें कीं निकाल मान्य करून पैसे चुकते करावे, हें ठरविण्यास अभिप्रायाचा मोठा उपयोग होतो. त्याच्या कर्तव्याची खरी कसोटी तेथें लागते, आणि नेमका तोच कागद लोकांच्या दृष्टीस पडत नाहीं.

वकील या शब्दाचा पूर्वेतिहास त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुणें दरबारचा निजामाकडील वकील गोविंदराव कृष्ण काळे हा फिर्यादी चालविणारा नव्हता. धन्याची बाजू परदरबारीं मांडणें आणि तेथील वर्तमान धन्यास कळविणें, हें त्याचें काम. त्या काळच्या वकिलांच्या पत्रांस आपण इतकी किंमत देतों, ती त्यांनीं भर दरबारांत काय भाषण केलें यासाठीं नव्हे, तर खाजगींत धन्यास काय लिहिलें यासाठीं. धन्यास अप्रिय वाटेल असा मजकूर जो कळवीत नसे, तो वकील धन्याचेंच नुकसान करी. आजच्या सरकारी वकिलाचें पद निराळ्या कायद्यानें उत्पन्न झालें, हें मान्य. तथापि कर्तव्याचा हा अर्धा भाग जुन्या शब्दाबरोबर त्याजकडे आलेला आहे. त्याचा धनी मात्र बदलला. तो अमुक खात्याचा वा अमुक अधिकाऱ्याचा वकील नव्हे. तो राज्याचा, म्हणजे अंतीं लोकांचा वकील आहे.

हाच भेद दुसऱ्या एका निवाड्यांत स्पष्ट झाला आहे. 'शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें त्याच साली, १९९५ मध्यें, सरकारी अभियोक्त्यांची शाखा पोलीस खात्यापासून अलग करण्याचा आदेश दिला. तपास करणारा व खटला चालविणारा एकाच वरिष्ठाच्या हुकमतींत असेल, तर तपासांतील दोष न्यायालयापुढें कोण आणणार, हा त्यामागील विचार. एका निवाड्यानें वकिलास खात्यापासून मोकळें केलें. दुसऱ्यानें वाईट सल्ल्याची शक्यता मान्य केली, पण सल्लागारास अदृश्यच ठेवलें. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे काय राहिलें तें कळतें : स्वातंत्र्य मिळालें, तरी त्या स्वातंत्र्याचा उपयोग कसा झाला हें दाखविणारा कागद प्रकाशांत आला नाहीं.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे, हें परभणीच्या अलीकडील प्रकरणावरून दिसेल. १० डिसेंबर २०२४ रोजीं परभणींत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशींच्या बंदांत दंगा उसळला व अनेकांस अटक झाली. त्यांपैकीं कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण १५ डिसेंबर रोजीं न्यायालयीन कोठडींत असतां मृत्यु पावला. शवचिकित्सेच्या प्राथमिक अभिप्रायांत मृत्यूचें कारण अनेक जखमांमुळें बसलेला आघात असें नमूद झालें. त्याच्या मातेच्या अर्जावरून औरंगाबाद खंडपीठानें ४ जुलै २०२५ रोजीं गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ३० जुलै रोजीं त्या न्यायालयानें हस्तक्षेप करण्याचें नाकारलें.

गुन्हा नोंदविला म्हणजे कोणी दोषी ठरला असें नव्हे. तें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. आमचा प्रश्न त्या २६ दिवसांपुरता आहे. सरकारच्याच रुग्णालयाचा कागद जखमा दाखवीत असतां, गुन्ह्याची नोंदसुद्धां होऊं नये म्हणून राज्यानें वरिष्ठ न्यायालयांत जावें, असा लेखी अभिप्राय कोणीं दिला होता काय? कीं जाऊं नये असा अभिप्राय असतां तो दूर ठेवला गेला? पहिली गोष्ट खरी असेल, तर उत्तरदायित्व वकिलाचें. दुसरी खरी असेल, तर तें मंत्रालयाचें. निवाडे वाचून यांतील कोणतेंच ठरत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वकील व पक्षकार यांच्यांतील गुप्तता १८७२ च्या पुरावा कायद्यानें राखली होती व त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही राखली आहे. अभिप्राय उघडा पडणार असें ठाऊक झाल्यास वकील निर्भीडपणें लिहिणार नाहीं, असेंही म्हणतां येईल. प्रकरण चालू असेपर्यंत हें आम्हांस मान्य आहे. परंतु गुप्तता आणि नाश या दोन गोष्टी भिन्न आहेत. पेशवे दफ्तर संशोधकांस खुलें करण्यास इंग्रज सरकार दीर्घ काळ कचरत होतें. तरी दफ्तर जपलेलें होतें, म्हणूनच पुढें सरदेसायांच्या देखरेखीखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर येऊं शकले. कुलुपांतील कागद आज ना उद्यां वाचतां येतो; रद्दींत गेलेला परत येत नाहीं.

मराठवाड्यांत ही भीति अधिक आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलांत होता. तेथील सरकारी व्यवहार १८८४ पर्यंत फारशींत व पुढें उर्दूंत चाले. नोव्हेंबर १९५६ मध्यें जिल्हा मुंबई राज्यांत आला. १९८१ पासून त्याचीं प्रकरणें औरंगाबाद खंडपीठाकडे जाऊं लागलीं. १९९९ मध्यें त्यांतून हिंगोली जिल्हा निघाला. अशा प्रत्येक फेरबदलाच्या वेळीं कपाटें हलतात, आणि हलविणारास लिपि वाचतां येत नसेल तर गठ्ठ्याची किंमत वजनावर ठरते. महाराष्ट्रांत २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. त्याप्रमाणें जिल्हा सरकारी वकिलांचे अभिप्राय कायम ठेवण्याच्या वर्गांत घालावे, व ठराविक मुदतीनंतर ते अभिलेखागाराच्या स्वाधीन करावे, अशी आमची सूचना आहे.

तोंपर्यंत काम आपलें आहे. आपले संग्राहक देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून सनदा व महजर मोठ्या कष्टानें मिळवितात. त्याच गांवीं एखाद्या जुन्या वकिलाच्या माळ्यावर सरकारास पाठविलेल्या अभिप्रायांच्या नकला पडून असतील, तर त्यांकडेही लक्ष द्यावें. चालू प्रकरणांचे कागद अर्थात् कोणीं प्रसिद्ध करूं नयेत. जुन्यांची मात्र यादी करावी, उर्दू जाणणाराकडून त्यांवर दोन ओळींचा सारांश लिहून घ्यावा, आणि यादीची एक प्रत मंडळाकडे पाठवावी.